हवेतलं धुराडं
आमच्या गावातली कंपनी कर का भरत नाही, यावर जाहीर वादविवाद चालला होता. मंचाच्या कोपऱ्यात माझी धाकटी बहीण पहिल्या रांगेतल्या कर्णबधिरांना सारं खुणांनी सांगत होती. आम्हा कानवाल्यांच्या मात्र तासभर सगळं डोक्यावरून जात होतं. कंपनीचे वकील म्हणाले, “कारखाना इथं असला तरी नफा कायद्यानं परदेशातल्या बेटावर होतो.” बहीण थांबली. मग तिनं हवेत धुराडं उभं केलं, धूर सोडला आणि स्वतःच खोकली. खालून नफा तान्ह्या बाळासारखा उचलला, चवड्यांवर चालत मंचाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन निजवला. पहिल्या रांगेनं हात उंचावून हलवले. त्यांच्या टाळ्या अशाच. मग अख्ख्या सभागृहाचे हात वर गेले. आवाज कसलाच नाही. वकील गोंधळले. “मी असं काय बोललो?” बहिणीनं तेही जसंच्या तसं खुणांनी सांगितलं.