बालवाडीतले नऊ कागद

नऊ मुलांचे नऊ अहवाल, आणि त्यांत एका अक्षराचाही फरक नाही. संघमित्राने तिसऱ्यांदा ते वरपासून खालपर्यंत वाचले. चहा गार झाला तरी ती खुर्चीतून उठली नाही.

अंधेरीच्या प्रयोगशाळेत तिचं काम एवढंच. टिपकागदावर वाळलेल्या रक्ताच्या थेंबातून मलेरियाच्या जंतूचे जनुक काढायचे आणि तो औषधाला दाद देतोय की मुजोर झालाय, ते सांगायचं. मुलांच्या सरसकट पाहणीत मुलुंडच्या टेकडीवरच्या बालवाडीतून आलेले हे नऊही जंतू मुजोर होते. पण तिला खटकत होतं ते वेगळंच. एका घरातल्या दोघांचे जंतूसुद्धा सहसा इतके सारखे निघत नाहीत. इथे तर नऊ घरांतली पोरं, आणि जंतू एका साच्यातून काढल्यासारखे. थेंब कोणाचा, हे तपासायला मार्ग नव्हता. माणसाचे जनुक बघायची परवानगीच नव्हती, बघायचं ते फक्त जंतूकडे.

तिचे वरिष्ठ अनिरुद्ध सर म्हणाले, आज संध्याकाळीच वर कळवू. नऊ चिमुरड्यांवर औषध चालत नसेल तर थांबून कसं चालेल? संघमित्राने एक दिवस मागून घेतला. पोरांची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर काळजीपेक्षा कुतूहल जास्त होतं, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती टेकडी चढून गेली तेव्हा नऊही पेशंट एका घसरगुंडीसाठी भांडत होते. ताप कोणालाच नव्हता. बालवाडीच्या वनमालाताईंनी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. ऑक्टोबरच्या उकाड्यातही त्यांच्या अंगात स्वेटर होता. थेंब घ्यायला त्यांनाच शिकवलं होतं, तेही दोन तासांत.

संघमित्राने एकेकाचं बोट पुन्हा टोचलं. नुसता आकांत माजला. विकी नावाच्या एका पोराने तर तिच्या मनगटाला चावाच घेतला. वीस मिनिटांनी तिने तपासणीच्या पट्ट्या ओळीने मांडल्या. मलेरिया एकालाही नव्हता.

ती पट्ट्यांकडे पाहत राहिली आणि मग तिने वनमालाताईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"ताई, कागदावरचं रक्त कोणाचं होतं?"

वनमालाताईंनी काही लपवलं नाही. पहिल्या दिवशी विकीला टोचलं, तर थेंब कागदावर पडायच्या आत तो पळाला आणि चार दिवस फिरकला नाही. बाकीची पोरं आयांच्या मागे लपायला लागली. घरोघर फिरून गोळा केलेली बालवाडी मोडायची वेळ आली, आणि कागद तर शनिवारी परत द्यायचे होते. पोरं सगळी ठणठणीत होती. वनमालाताईंचा स्वतःचा ताप नुकताच उतरला होता, गोळ्या संपल्या होत्या. म्हणजे रक्त स्वच्छच असणार, असं त्यांनी धरलं.

"मग माझीच बोटं टोचली, मॅडम. एकेका पोराच्या नावाने एकेक."

संघमित्राला राग आला आणि त्याच दमात हसूही आलं. नऊ पोरं सुटली होती. मुजोर जंतू एकाच माणसात होता, आणि तो माणूस समोर बसून विचारत होता, आता माझी नोकरी जाणार का?

तिने खुर्ची जवळ ओढली. ताप कितीदा आला, ते विचारलं. जूनपासून तीनदा, वनमालाताई म्हणाल्या. दर वेळी त्याच गोळ्या मिळाल्या आणि दर वेळी दवाखान्यात बोलणी बसली, की बरं वाटलं की गोळ्या अर्ध्यावर टाकता, मग ताप उलटतो. नवराही आता तेच म्हणतो.

संघमित्राने त्यांना नीट समजावलं. हा जंतू त्या गोळ्यांनी पुरता मरत नाही. कितीही वेळा घ्या, थोडा दबतो आणि पुन्हा वर येतो. औषध दुसरं आहे, आणि ते आजच सुरू करायचं. ती स्वतः सोबत येईल.

नोकरीचं वनमालाताईंनी पुन्हा विचारलं नाही. डोळे पुसून त्या हळूच म्हणाल्या,

"म्हणजे मॅडम, गोळ्या मी खरंच पूर्ण घेतल्या होत्या ना?"