दगडफुलाची सेना

बोटभर उंचीचा प्लास्टिकचा तिरंदाज मी खिडकीशी उजेडात धरला. त्याच्या झग्यावर करडा, खरखरीत थर बसला होता. जंगलात राहणाऱ्या, परीकथांतल्या एल्फ योद्ध्यांची ही सेना मी स्वतः घडवली होती. उद्या अशा छोट्या सैन्यांच्या लढाया खेळणाऱ्या आमच्या क्लबमध्ये टेबलावर तिची पहिली लढाई, आणि रंगाआधीचा स्प्रे मी दमट हवेत मारून बसले होते. दमट हवेत तो मारला की असा खरखरीत बसतो, हे क्लबमधल्या सगळ्यांना मीच सांगत असते.

"गेली सगळी सेना कचऱ्यात," मी म्हणाले.

माझा नवरा, आल्हाद, स्वयंपाकघरात गोडा मसाला भाजत होता. तो दगडफुलाची वाटी हातात घेऊनच बाहेर आला. त्याने वाकून तिरंदाजाकडे पाहिलं, मग वाटीतला एक तुकडा उचलून त्याच्या खांद्याला लावला.

तोच करडा रंग, तोच खरखरीतपणा. दगडफूल झाडाच्या खोडावरही वाढतंच की.

"किती दिवस झाडाला चिकटून दबा धरून बसलेत बिचारे," तो म्हणाला. "अंगावर उगवणारच."

मी पुन्हा ब्रश उचलला. थर तसाच ठेवला, फक्त डोळे आणि बाण रंगवले, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर, पायाशी वाटीतलं सगळं दगडफूल चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी मी सेनेचा डबा घेऊन निघाले, तेव्हा सासूबाई आमटीभात जेवत होत्या.

"आल्हाद, मसाल्यात दगडफूल घातलं नाहीस का रे?"

त्याने माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"ते लढाईवर चाललंय, आई."