पालीची छबू

"छबू, तुला खरंच येत न्हाई, का सोंग करतीस?"

प्रश्न रुद्राणीने विचारला, पण पैज आम्रपाली आणि सरूची होती. विचारून दाखव, उद्याची भेळ आमच्याकडून. आता दोघी ओढणी तोंडात कोंबून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होत्या.

पडद्यावर पुण्याच्या मॅडम होत्या आणि शेजारी गावोगावच्या मुलींची नावं. छबू, पाली हे त्यातलंच एक. तिचा माइक बिघडलेला, त्यामुळे बोलायची नाही, एकेक अक्षर शोधून लिहायची. नफा-तोट्याची गणितं मॅडमचं वाक्य संपायच्या आत सोडवायची आणि साध्या समीकरणापाशी मात्र तोंडघशी पडायची. आज तिसऱ्यांदा तिने विचारलं होतं, एक्स म्हणजे किती ते आधीच का सांगत नाहीत?

एकेक अक्षर करत उत्तर उमटलं.

"येत न्हाई. घरी विचारायची लाज वाटते. इथं कुणी हसत न्हाई म्हणून विचारते."

सरूने ओढणी तोंडातून काढली. रुद्राणीला वाटलं, आपल्याच थोबाडीत बसली.

कारण ती लाज तिच्या ओळखीची होती. आठवीत ती उत्तर द्यायला उभी राहिली की मागच्या बाकावरची पोरं तिच्या बारीक आवाजाची नक्कल करायची. वर्षभर तिने वर्गात तोंड उघडलं नाही. पुढे शिकायला केजला जीपने जायचं तर आप्पा म्हणाले, पोरांच्या गर्दीत न्हाई. मग वडगावातच मोबाइलचा मनोरा आला, पंचायतीच्या खोलीत चार कॉम्प्युटर आले आणि ही फक्त मुलींची शाळा आली. आप्पांनी स्वतः तिचं नाव घातलं. इथे चुकीचं उत्तर दिलं तरी मॅडम म्हणायच्या, छान, आता कुठं चुकलं ते बघू. महिन्याभरात रुद्राणीचा आवाज असा सुटला, की आई म्हणाली, हिला आता बंद करायचं बटण कुठं असतं ते तरी विचारून या.

"माफ कर छबू," रुद्राणी माइकमध्ये म्हणाली. "मी सांगते तुला. मॅडम, सांगू का?"

"सांग की," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवसापासून रोज तासाअखेर रुद्राणी छबूला शिकवू लागली. दुसऱ्याला समजावताना तिला स्वतःलाच गणित उलगडत गेलं. वडगावची वीज गेली की पंचायतीची बॅटरी सुरू व्हायची, आणि नेमकी तेव्हाच छबू गायब. "पालीलाबी आपल्याच टायमाला जाती वाटतं," आम्रपाली म्हणायची. शनिवारी मॅडम मनातलं बोलायचा तास घ्यायच्या. मुली तिथे आईलाही विचारता येत नाही असलं सगळं विचारायच्या. त्या तासाला छबू कधीच थांबायची नाही.

परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा छबूने लिहिलं, "मी बसणार न्हाई. नापास झाले तर गावात तोंड कसं दाखवू?"

रात्री जेवतानाही रुद्राणीच्या डोक्यात तेच होतं.

"हिच्या बापाचंच काम असणार हे," ती आप्पांना म्हणाली. "तुमी चला ना पालीला. तुमी त्याला समजावून सांगा."

आप्पांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून ठेवला. "असली माणसं लई अडेल असतेत. कुणाचं ऐकत न्हाईत."

"तुमीबी अडेलच होता की. ऐकलंच ना?"

"ऐकलं बाई."

"मग मी एकटी जाते रविवारी. छबूचं घर कुणीबी दाखवील."

"पालीत अशी कुणी पोरगी न्हाई."

"तुमाला काय माहीत?"

"मावशी हाय माझी तिथं. अख्खं गाव माहीत हाय मला." आप्पा हात धुवायला उठले.

"तुझ्या छबूचं राहू दे," आई म्हणाली. "ह्यांना सांग, दुपारी दुकानाचं अर्धं शटर लावून त्या कॉम्प्युटरपाशी झोपा काढतेत. एसटीडीला आलेली माणसं परत जायलीत."

दुसऱ्या दिवशी शाळेत भूमितीचा तास रंगला होता. रुद्राणीची कंपासपेटी आप्पांच्या दुकानात राहिली होती. छबूला काटकोन समजावता समजावता ती म्हणाली, "थांब, आलेच," आणि पळत दुकानाच्या मागच्या दाराने आत शिरली. शिरली तशीच उलट्या पावली बाहेर आली. पंचायतीच्या खोलीत येऊन तिने पुढचा काटकोन आम्रपालीच्या कंपासने काढला. छबूला शेवटपर्यंत नीट समजावून सांगितला. आवाज फक्त जरा हळू होता.

रात्री जेवणं झाल्यावर ती उठून उभी राहिली.

"आई, आप्पा, मी एक ठरवलंय."

"आता काय?" आईने विचारलं.

"छबूला वर्गातून काढायचं. उद्या मॅडमला मीच सांगणार."

"अगं, कावून? इतके दिवस तर छबू छबू करत होतीस."

"आजबी करते. तिच्यामुळं मला शिकवाया आलं, लई उपकार हायत तिचे. पण ती मुलींची शाळा हाय. मुली तिथं मोकळ्या बोलतेत, ते तसंच ऱ्हायला पायजे. अन् परीक्षा सोडायची न्हाई. फॉर्म भरायचा, मार्चला बसायचं. रोज राती मी शिकवणार. कुणी हसलं तर माझ्याशी गाठ हाय."

"येडी का खुळी तू? ते लेकरू पालीहून राती-बेराती यायचं कसं?"

"यायचं कशाला?" रुद्राणी म्हणाली. "दुकान बंद केलं की वही घेऊन माझ्यापुढं बसायचं, आप्पा."