शिकारीचे पाच पाहुणे

"आता फिरवून बघ," जयप्रकाशकाका म्हणाले आणि त्यांनी शेवटचा स्क्रू आवळला.

रूडने डाव्या हाताने बंदूक फिरवली. त्याचा उजवा हात कोपरापासून नव्हता. अफगाणिस्तानात सुरुंगाच्या स्फोटात गेला होता. बंदुकीचं सगळं वजन काकांनी बनवलेल्या स्टँडने पेललं होतं.

"झकास, जेपी," तो म्हणाला. सगळे डच लोक काकांना जेपीच म्हणत.

नुकतं उजाडलं होतं. नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावाबाहेर मक्याच्या शेताकडेला तिघं बसले होते. रानडुकरांनी पिकाची पार नासधूस केली होती, त्यामुळे शेतमालकाने खुशीने परवानगी दिली होती. संपदाचा स्वयंसेवक म्हणून हा पहिलाच दिवस. आयटीच्या नोकरीसाठी पुण्याहून आलेल्या तिला काका मराठी मंडळात भेटले होते. त्यांचं काम ऐकून ती आपणहून आली होती.

काका सत्तरीचे, निवृत्त इंजिनियर. अंडंही न खाणारा हा माणूस सात वर्षं दर ऑक्टोबरात पाच जखमी सैनिकांना आळीपाळीने शिकारीला नेत होता. पहाटे उठून त्यांच्यासाठी पोहे करायचा, गाडी चालवायचा. सैनिकांनी काही खोट काढली की हिवाळाभर गॅरेजमध्ये खपून नवा स्टँड बनवायचा. हा सातवा.

"आणि शिकारी किती झाल्या, काका?" संपदाने हळूच विचारलं.

"अजून एकही नाही. अगं, एवढं सोसलेल्या माणसांना घाई करून कसं चालेल?"

माणसं जास्त असली की जनावर बिथरतं, म्हणून काका लांब गाडीपाशी जाऊन थांबले.

वीसेक मिनिटांनी मका सळसळला. एक दांडगं रानडुक्कर उघड्यावर आलं आणि तीस पावलांवर आडवं उभं राहिलं. संपदाने श्वास रोखला. रूडने नेम धरला. बंदुकीची नळी अलगद खाली झुकली, बरोबर जनावरावर स्थिरावली.

आणि रूड मोठ्याने खोकला. डुक्कर मक्यात दिसेनासं झालं.

काका धावत आले. "काय झालं?"

"नळी खाली नीट झुकत नाही, जेपी. निसटलं."

काकांनी लगेच खिशातून वही काढली. "बिजागरी बदलायला हवी. पुढच्या वर्षी बघशील तू!" स्टँड सोडवून, खांद्यावर टाकून ते तरातरा गाडीकडे निघाले. सत्तरीचा माणूस वाटत नव्हता.

"नळी झुकत होती," संपदा इंग्रजीत म्हणाली. "मी पाहिलं."

काका पुरेसे लांब गेल्याची रूडने खात्री करून घेतली.

"मला बंदुकीचा आवाज सहन होत नाही," तो म्हणाला. "आम्हा पाचांपैकी कोणालाच होत नाही."

"मग दर वर्षी येता कशाला?"

"जेपींचा मुलगा वेदांत डच सैन्यात आमच्याच तुकडीत होता. त्या स्फोटातून आम्ही पाच जण वाचलो. तो नाही. नंतर जेपींनी अंथरूण धरलं. जेवेनात, कोणाशी बोलेनात. तेव्हा आम्ही पाचही जण त्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो आणि म्हणालो, आम्हाला शिकारीला जायचंय, पण कोणी नेत नाही."