पाटी आणि अंगठा

गॅरेजच्या उंच खिडकीतून सकाळचे ऊन आत आले. कोणत्याही दिवशी येते तसेच, विशेष काही घडायचे नसल्यासारखे आले. आधी ते भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेल्या पान्यांवर उतरले, मग तेलाने काळवंडलेल्या बाकावर ओघळले, आणि सावकाश सरकत कोनाड्यातल्या पत्र्याच्या डब्यापाशी येऊन थांबले. डब्याचे झाकण उजळेपर्यंत थोरला तिथे उभा राहिला. आत आकड्यांच्या पट्ट्या होत्या. शर्यत चालू असताना त्या पाटीच्या खाचांत सरकवायच्या आणि पाटी उंच धरून धाकट्याला दाखवायची: कितवा आहेस, पुढचा किती लांब आहे, फेऱ्या किती उरल्या.

“इतकं येतं ना तुला,” तो स्वतःशीच म्हणाला, “मग आज तुझं तू बघ.”

भिंतीला टेकलेली पाटी त्याने काखेत मारली, नारिंगी कोट खांद्यावर टाकला आणि दार ओढून घेतले.

बायको फाटकाशी उभी होती. “आज तरी बोला भाऊजींशी.”

“त्यानं ओळख दाखवली तर बोलेन.”

“त्यांचं काहीतरी बिनसलंय हो. परवा चहाचा कप टेबलाच्या बाहेरच ठेवला. फुटला.”

“डोक्यात हवा गेलीय, दुसरं काही नाही,” थोरला म्हणाला आणि विषय तोडला.

गेले कित्येक महिने धाकटा रस्त्यात समोरून येई आणि परक्यासारखा शेजारून निघून जाई. ‘व्यावसायिक संघाच्या नादी लागू नकोस’ असे थोरल्याने एकदा सांगितले होते; अढी त्याचीच असणार. सुरुवातीला ते लागायचे. मग मनाचा तेवढा भाग बधिर झाला, आणि ‘आमचे बंधुराज शेफारलेत’ असे तो हसून सांगू लागला.

क्लबात दोन गट होते. हौशी गटातले आठवडाभर नोकरी करून सुट्टीला गाडी पळवत. व्यावसायिक गटातल्यांची गाडी हीच नोकरी. आज जिंकेल त्या हौशी चालकाला वरच्या गटात जागा मिळणार होती. तिथल्या गाड्या कितीतरी वेगवान आणि मार्ग दर वेळी नवा. इथे मात्र एकच मार्ग, धाकट्याला लहानपणापासून पाठ असलेला. हौशी गटात रेडिओला मनाई होती, म्हणून पाटी. पाटी वाचली की चालकाने अंगठा वर करायचा, हा क्लबचा जुना रिवाज.

पट्टे आवळून धाकटा गाडीत बसला होता. शेजारच्या गाडीचा मिस्त्री वाकून म्हणाला, “काय थोरले, तुमचा पठ्ठ्या आज कोणाला घाबरवणार? गेल्या खेपेला धोक्याचा पिवळा झेंडा हलत असताना दोघांना मागे टाकलंन्. दंड बसला, पण काय ती छाती!”

“झेंडे भित्र्यांसाठी असतात, मिस्त्री,” धाकटा हसला. मग मान न वळवता म्हणाला, “दादा, कोट घातलास ना?”

कोट घालून थोरला त्याच्यासमोरच उभा होता. हाही टोमणाच, असे त्याला वाटले. “घातलाय.”

“पाटी नीट धर.”

“तू बघितलीस तर.”

“बघतो की. दर वेळी अंगठा देतो ना?”

शर्यत सुटली. थोरला भिंतीच्या कडेला जाऊन उभा राहिला. पाटीचे तोंड येणाऱ्या गाड्यांकडे असते. मागे उभ्या असलेल्यांना तिची पाठ तेवढी दिसते. पहिल्या फेरीला त्याने पाटी उंच धरली. गाडी सणसणत गेली आणि उघड्या खिडकीत अंगठा वर झाला. दुसऱ्या फेरीलाही झाला. तिसऱ्या फेरीलाही अंगठा आला. त्यानंतर त्याने फक्त हात वर करायचे काम केले. जणू ते हात दुसऱ्याच कोणाचे होते.

धाकटा जिंकला. हेल्मेट काढून तो थेट नारिंगी कोटाकडे चालत आला आणि त्याने मिठी मारली.

“दादा, तुझी पाटी होती म्हणून! शेवटी अंतर वाढल्याचं दाखवलंस ना, तेव्हा कुठं जरा पाय सैल केला.”

“हो,” थोरला म्हणाला.

“अजून रागावलायस?”

“नाही.”

क्लबचे सचिव हात पुढे करून आले. तो हात क्षणभर हवेतच राहिला, तेव्हा त्यांनी हसून धाकट्याची पाठ थोपटली.

“अभिनंदन! बुधवारी व्यावसायिक संघाबरोबर पहिला सराव. डोंगरातला मार्ग, एका बाजूला दरी. पण आधी रिवाजाप्रमाणे पाटीवाल्याचा शब्द हवा. थोरले, चालक तयार आहे ना? तुम्ही हो म्हटलंत की झालं.”

“दादा हो म्हणेल,” धाकटा सचिवांच्या कानाच्या जरा बाजूला पाहत म्हणाला. “माझ्यापेक्षा त्यालाच घाई आहे. विचारा त्याच्या पाटीला!”

थोरल्याने पाटी फिरवली आणि दोघांसमोर धरली.

खाचांत एकही आकडा नव्हता. पत्र्याचा डबा सकाळपासून कोनाड्यातच होता.

सचिव पाटीकडे पाहत राहिले. धाकट्याने हसत अंगठा वर केला.

“त्याला दिसत नाही,” थोरला म्हणाला.