रिकामी टाकी

श्रावणी सोमवारी पिंडीवर पाणी घालेपर्यंत मी बोलत नाही. तांब्या भरून निघाले, तर अंगणात मुलगा दुर्गेश वडिलांच्या जुन्या मोटारसायकलच्या गळक्या टाकीचं भोक गॅसच्या बत्तीनं झाळून बुजवायला बसलेला. तो पाळण्यात होता तेव्हा हे वाडीच्या गॅरेजमध्ये वारले. 'अपघात झाला', एवढंच त्याला सांगत आले. टाकीचं तोंड हुंगलं. पेट्रोलचा वास होता. हातानं नको म्हटलं. "काहून घाबरून राहिली वं आई? रिकामी आहे, कालच पेट्रोल काढलं." मी पाण्याची बादली पुढे सरकवली. "पूजा तुले समजते, गाडी मले. जाय, महादेव वाट पाहून राहिला," म्हणत त्यानं बत्ती पेटवायला लायटर उचलला. मी अख्खा तांब्या त्याच्या हातावर उपडा केला. "आई, महादेवाचं पाणी!" तो ओरडला. माझं मौन मोडलं. "आधी पाण्यानं भर तिले, बाबू. तुझे बाबाही 'रिकामी आहे' म्हणाले होते."