साडेचारशे ग्रॅम

लोणच्याच्या खोलीत बसून आकांक्षाने तेलाचं पाकीट पातेल्यात पिळून रिकामं केलं आणि वजनकाट्याकडे पाहिलं. पातेल्याचं वजन तिने आधीच वजा केलं होतं. आकडा नऊशे दहावर थांबला.

"आजी, पाच किलो पायजे असन तं पाच पाकिटं पुरत नाई. पाकिटात लिटर रायते. तेल पाण्याहून हलकं, एका लिटरमागं नव्वद ग्रॅम कमी."

कैरीच्या फोडी पुसता पुसता रुख्मिणीबाईंचा हात थांबला. "पाचात किती?"

"साडेचारशे ग्रॅम," नात म्हणाली आणि दुसरं पाकीट कापायला लागली. बचत गटाच्या बरण्यांवर वजन लिहायचं, म्हणून तिने अकोल्याहून हा काटा आणला होता.

या घरात सासूपासूनचं माप एकच, पंधरा किलो कैरीला पाच किलो तेल. तेल्हाऱ्याच्या घाणीवरून ते तोलून यायचं. घाणी बंद पडली त्या वर्षी रुख्मिणीबाईंनी दुकानातून पाच पाकिटं आणली आणि पाच किलो झाले असं समजून मोकळ्या झाल्या. त्याच वर्षी नवरा वारलेली नणंद, माणिकबाई, माहेरी राहायला आली. श्रावणात बरणी उघडली तर तेल खाली, फोडी उघड्या आणि त्यांवर पांढरी बुरशी. दुसऱ्या वर्षीही तेच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. 'तिची सावली पडली' असं पहिल्यांदा कोण म्हणालं, ते आता घरात कुणाला आठवत नाही. रुख्मिणीबाईंना आठवतं. त्याच म्हणाल्या होत्या.

"वैनी, मी त्या खोलीत गेलीच नाई," माणिकबाई एवढंच बोलली होती.

तिसऱ्या वर्षापासून तिला या खोलीचा उंबरा बंद झाला. त्या वर्षी रुख्मिणीबाईंनी मनातल्या धाकाने, कुणाला न सांगता, एक पाकीट जास्तीचं ओतलं. लोणचं वर्षभर टिकलं. बघा, पटलं ना, असं सारं घर म्हणालं. त्याही म्हणाल्या. पुढची एकोणीस वर्षं दर उन्हाळ्यात सहा पाकिटं येत राहिली आणि माणिकबाई उंबऱ्याबाहेर ताट घेऊन बसत राहिली. कुणी लोणचं वाढायला गेलं की ती ताटावर हात आडवा धरायची. मले आंबट सोसत नाई, म्हणायची. लहानपणी याच पोरीला चिंचेखालून ओढून घरी आणावं लागे, असं सासू सांगायच्या. गेल्या पौषात ती गेली.

"पण आजी, तू तं दर साली सहा टाकते ना," आकांक्षाला एकदम आठवलं. "मंग तुले हे माईत होतं?"

नाही म्हणायला काय हरकत होती? किलो-लिटर त्यांना खरंच कुणी शिकवलं नव्हतं. पण ते सहावं पाकीट ओतण्याआधी त्यांनी दार लोटून घेतलं होतं, हेही तितकंच खरं होतं.

त्या उठल्या. गेल्या सालच्या बरणीतली एक मोठी फोड त्यांनी वाटीत काढली, वर चमचाभर खार घातला आणि वाटी उंबऱ्याच्या आत ठेवली.

"माणिक, आत ये," त्या म्हणाल्या.

आकांक्षाने मान वर केली. दारात कुणी नव्हतं. आजी मात्र कुणाची तरी वाट पाहावी तशी उभी होती, डोक्यावरचा पदर सावरून. काट्यावरचा आकडा विझून गेला तरी ती उभीच. मग खाली वाकून तिने वाटी उचलली.

"काय झालं, आजी?"

"नाई म्हणते," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "आंबट सोसत नाई म्हणते."